पौगंडावस्थेची परिभाषा आणि झाडीपट्टीतील मुले

किशोरवयीन मुलामुलींच्या शारीरिक, भावनिक व सामाजिक वाढीविषयी मराठीत लिहिल्या गेलेल्या लहानमोठ्या पुस्तिकांचा ढीग गेली काही वर्षे माझ्या टेबलावर साचत आला आहे. त्यांतील काही शासकीय आहेत, काही स्वयंसेवी संस्थांनी काढलेल्या आहेत, तर काही शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी रचलेली पाठ्यपुस्तके आहेत. या वाङ्मयाकडे साहित्यसमीक्षकाचे लक्ष जात नाही, आणि वैद्यकातील मंडळींना त्याच्या भाषेशी कर्तव्य नसते. त्यामुळे ते टीकेवाचून राहिले आहे. वस्तुतः चंद्रपूर व गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांतील एखाद्या मुलीच्या हाती शाळेच्या पुस्तकांखेरीज जे मुद्रित मराठी पडते, त्यात या पुस्तिकांचा वाटा लहान नसतो. त्यांच्या शास्त्रीय बिनचूकपणाची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची नाही. तो बहुतेक ठिकाणी समाधानकारक आहे. मला पाहावयाची आहे ती त्यांची परिभाषा, आणि ही परिभाषा या दोन जिल्ह्यांतील मुलांच्या कानी पडते तेव्हा तिचे काय होते ते.

प्रथम खुद्द ‘पौगंडावस्था’ हाच शब्द घेऊ. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तो इतका रूढ केला आहे की त्याच्या अर्थाविषयी कोणाला शंका येत नाही. परंतु संस्कृतात ‘पौगंड’ म्हणजे आपण समजतो ते वय नव्हे. भागवताच्या टीकापरंपरेत वयाची जी वाटणी सांगितली जाते तिच्याप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन. दशमस्कंधात बलराम व कृष्ण पौगंड वयात आले तेव्हा वासरांऐवजी गाई राखण्याचे काम त्यांच्याकडे आले, असे वर्णन आहे; म्हणजे हा पौगंड सहा-सात वर्षांचा गुराखी पोर होय. मनुस्मृतीतील व्यवहारप्रकरणात ‘पोगंड’ येतो तो अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेला, या अर्थाने. कोशांतून पौगंड वयाची मर्यादा सोळाव्या वर्षापर्यंत ताणलेलीही आढळते. तथापि मिसरूड, पाळी, हुरहुर, बंड यांपैकी कशाचाही वास त्या शब्दाला नव्हता.

स्टॅन्ले हॉल यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य मानसशास्त्रात या वयाला स्वतंत्र प्रकरण मिळाले. पुढे ते प्रकरण आपल्या अध्यापक-विद्यालयांत आले, तेव्हा त्यासाठी मराठी शब्द हवा झाला. मूळ लॅटिन शब्दात वाढण्याचा साधा अर्थ आहे. हिंदीने ‘किशोर’ घेतला. तो वयाच्या हिशेबाने बरोबर होता. मराठीने त्याच्या शेजारचा खण उघडला. यात अज्ञान होते असे मी म्हणणार नाही, कारण शब्दाचा अर्थ सरकतच असतो आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने व्युत्पत्तीच्या नावाने रूढीला दटावणे हास्यास्पद होय. माझा आक्षेप निराळा आहे. ‘पौगंड’ हा शब्द निवडताना कोणाच्याही तोंडचा शब्द विचारात घेण्यात आला नाही. तो परीक्षकाला उद्देशून घडविला गेला, आणि अद्यापही त्यालाच उद्देशून बोलतो.

याचा पुरावा शब्दाच्या व्याकरणातच आहे. मराठीत ‘पौगंडावस्था’ आहे, पण ‘पौगंड’ नाही. अवस्था आहे, त्या अवस्थेतील माणूस नाही. ‘पौगंडावस्थेतील मुलगा’ असे चार पदरी बोलावे लागते, आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो त्या समासाच्या शेपटीला लोंबकळतो. लहान मुलाला मूल म्हणता येते, विशीतल्याला तरुण म्हणता येते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हाक मारण्यासारखे नाम प्रमाण मराठीत नाही. अलीकडे शहरांतून ‘टीनएजर’ हा शब्द सर्रास वापरला जातो. शुद्धिवाद्यांनी त्याबद्दल नाक मुरडण्यापूर्वी आपण त्या जागी काय ठेवले होते याचा विचार करावा.

मुलीच्या बाबतीत मात्र शब्दांची वाण नाही. ती ‘शहाणी’ होते, तिला ‘न्हाण येते’, तिला ‘पदर येतो’, ती ‘उपवर’ होते, आणि वेळेवर उजवली गेली नाही तर ‘घोडनवरी’ ठरते. या सर्व शब्दांचे तोंड एकाच दिशेला आहे. ते मुलीच्या वाढीचे नाव सांगत नाहीत, तिच्या विवाहाचे वेळापत्रक सांगतात. त्यातल्या त्यात ‘शहाणी होणे’ मला मनापासून आवडते, कारण शरीराच्या बदलाबरोबर समजही येते असे त्यात गृहीत आहे; परंतु त्याच वाक्प्रचाराच्या जोरावर बारा वर्षांच्या मुलीचे हसणे-खेळणे एका दिवसात बंद केले जाते, हेही खरे. मुलाला ‘मिसरूड फुटते’ आणि त्याचा ‘आवाज फुटतो’, एवढ्यावर सभ्य मराठी थांबते. त्याच्या शरीरात याहून महत्त्वाची जी घटना घडते तिला छापील मराठीत एकच रूढ शब्द आहे, ‘स्वप्नदोष’, आणि त्यात खटल्याचा निकाल आधीच लागलेला आहे. ज्या पुस्तिकेत ‘स्वप्नदोष हा दोष नाही’ असे वाक्य येते, त्या पुस्तिकेच्या लेखकाने आपल्या शब्दाशी आपणच भांडण मांडले आहे. ते वाचणारा मुलगा वाक्य विसरतो आणि शब्द लक्षात ठेवतो.

या संदर्भात र. धों. कर्वे यांची आठवण अपरिहार्य आहे. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. १९३४ मध्ये त्यांच्यावर झालेला अश्लीलतेचा खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली, तरीही कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांचे गद्य रुक्ष आहे. त्यात लालित्य शोधणाऱ्याची निराशा होते. पण त्यांच्या पृष्ठांवर वाचकाचा प्रश्न अगोदर येतो आणि उत्तर मागाहून, हा क्रम माझ्या समोरील ढिगात मला क्वचितच आढळला. आजच्या पुस्तिका उत्तरांनी सुरू होतात. प्रश्न कोणी विचारला होता, हे त्यांत दिसत नाही. अर्थात कर्व्यांना पत्र लिहिणारा वाचक साक्षर व बहुधा शहरी होता, हेही विसरून चालणार नाही. चांद्याच्या जंगलातून त्यांच्याकडे टपाल येत असेल अशी कल्पना करणे कठीण आहे.

आता त्या जंगलाकडे वळू. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. परंतु भाषिक दृष्ट्या हा सर्व टापू एकमेकांत गुंतलेला आहे. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाडीबोली बोलली जाते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य वेचून तिचा शब्दसंग्रह व व्याकरण अभ्यासकांपुढे ठेवले नसते तर आपण तिला अजूनही अशुद्ध मराठी म्हणत राहिलो असतो. ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण तिच्यात टिकत नाहीत, एवढे सांगितले तरी आपल्या छापील पुस्तिकेतील ‘पाळी’ आणि ‘प्रजनन-प्रणाली’ तेथे पोचेपर्यंत किती परक्या होतात हे ध्यानात येईल. पूर्वेस व दक्षिणेस गोंडी आणि माडिया, जिवती-राजुऱ्याकडे कोलामी, या तीनही द्राविड कुलातील. सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसविलेल्या कुटुंबांची बंगाली. भामरागडच्या आश्रमशाळेत बसलेली माडिया मुलगी प्रमाण मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकते, आणि त्या दुसऱ्या भाषेत संस्कृतातून पाडलेली तिसरी भाषा तिला आरोग्यशिक्षण म्हणून मिळते.

काही वर्षांपूर्वी बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी मी अशाच एका निवासी शाळेत गेले होते. तेथील आजारी मुलांची नोंदवही सहज चाळावयास मिळाली. आठवीतील एका मुलीच्या नावापुढे चार महिन्यांत चार वेळा ‘पोटदुखी’ असे लिहिलेले होते. तारखांमधील अंतर सुमारे अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांचे होते. दर वेळी पोट बिघडल्यावर देतात ती गोळी दिल्याची नोंद होती, आणि चौथ्या नोंदीपुढे ‘खोटे बोलते’ असा शेरा होता. नोंद करणारे गृहस्थ सज्जन होते. मुलांचे ते मनापासून करीत. मुलीने त्यांना ‘पोट दुखते’ असे सांगितले, कारण पुरुष माणसापुढे उच्चारता येईल असा तेवढाच मराठी शब्द तिच्यापाशी होता. त्याच खोलीच्या भिंतीवर ‘मासिक पाळी व्यवस्थापन’ या मथळ्याचा रंगीत तक्ता टांगलेला होता. ‘व्यवस्थापन’ हा शब्द कारखान्याला शोभतो, सहकारी पतपेढीला शोभतो. तेरा वर्षांच्या मुलीने त्याचा आपल्या दुखण्याशी संबंध लावावा अशी अपेक्षा कोणत्या आधारावर केली गेली, ते मला सांगता येत नाही. तिचे दुखणे नेहमीचेच होते की त्यामागे आणखी काही होते, हे त्या वहीवरून कळण्यास मार्ग नव्हता. तपासणीच झाली नव्हती.

असे म्हटले जाईल की हा शब्दांचा प्रश्न नसून सोयींचा आहे. स्त्री-अधीक्षक नेमली की तो सुटतो. स्त्री-अधीक्षक हवीच. परंतु शब्दांमुळे प्रत्यक्ष निदानात गोंधळ होतो अशी उदाहरणे या भागात आहेत, आणि त्यांतील एक फार गंभीर आहे. ‘अंगात रक्त कमी आहे’ हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील प्रयोग. लोहाच्या अभावाने होणारा पांडुरोग आणि सिकलसेल हा आनुवंशिक आजार, या दोहोंना तो सारखाच लागू होतो. सिकलसेलचे प्रमाण या दोन्ही जिल्ह्यांत लक्षणीय आहे, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाल्यापासून शाळांतून तपासणीही होते. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलग्रस्ताची पेशी कोयत्याच्या आकाराची होऊन दहा-वीस दिवसांतच फुटते. रक्त कमी होते ते यामुळे, आहारात लोह नाही म्हणून नव्हे. या मुलांची वाढ मागे पडते, वयात येणेही लांबते. चौदाव्या वर्षी दहा वर्षांचे दिसणारे मूल वर्गात मागे बसते आणि त्याला सवंगडी ‘बुटका’ म्हणतात. आता दर आठवड्याला शाळेत दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी ‘रक्त वाढविण्याची’ म्हणून ओळखली जाते. ‘रक्त कमी’ आणि ‘रक्त वाढविणारी’ ही जोडी भाषेने इतकी पक्की जुळविली आहे की गोळी घेऊनही ज्याचे रक्त वाढत नाही ते मूल गोळी फेकून देत असावे, असा निष्कर्ष घरी आणि शाळेत दोन्हीकडे निघतो.

याच आजाराच्या परिभाषेतील ‘वाहक’ हा शब्द पाहा. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला असेल तर ती व्यक्ती आजारी नसते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. शास्त्रदृष्ट्या ‘वाहक’ निर्दोष आहे. पण या मुलांनी हा शब्द पूर्वी दोनच ठिकाणी ऐकलेला असतो. एक एस.टी.च्या गाडीत, जेथे वाहक तिकिटे फाडतो. दुसरा हिवतापाच्या फलकावर, जेथे डास हा ‘रोगवाहक’ असतो. हिवतापाने गांजलेल्या मुलखात पहिल्या अर्थापेक्षा दुसरा अर्थ बलवत्तर ठरावा यात नवल नाही. आपल्या तपासणीच्या कागदावर ‘वाहक’ असे वाचून एका मुलाने वसतिगृहात वेगळ्या ताटात जेवावयास सुरुवात केली, ही गोष्ट मला माझ्याच एका विद्यार्थ्याने सांगितली. तो त्या मुलाचा मोठा भाऊ होता. येथे चूक कोणाची? डॉक्टरांची नव्हे, मुलाची तर नव्हेच. ज्याने शब्द घडविला त्याने तो एकट्याने बसून घडविला, एवढेच म्हणता येईल. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषा-कोशांचे जे प्रचंड काम झाले त्याचा मला आदर आहे. परंतु एखादा शब्द कोशात जाण्यापूर्वी चौदा वर्षांच्या चार मुलांना तो ऐकवून पाहण्याची पद्धत आपल्याकडे पडली नाही.

व्यसनाविषयीच्या प्रकरणांत हीच तऱ्हा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या बंदीच्या यशापयशाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पुस्तिका ‘तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन’ टाळावयास सांगतात. इकडचा मुलगा खर्रा खातो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला हा जिन्नस विदर्भात पानठेल्यावर मिळतो, आणि शाळकरी मुलांच्या खिशांतही सापडतो. ‘तू तंबाखू खातोस का?’ या प्रश्नाला तो मुलगा ‘नाही’ म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. त्याच्या बोलीत तंबाखू म्हणजे म्हाताऱ्यांच्या चंचीतली वस्तू. खर्रा ही वेगळी जात. सामान्यनाम आणि विशेष यांचा हा संबंध भाषागणिक बदलतो, हे आम्ही पदव्युत्तर वर्गात पहिल्याच सत्रात शिकवितो. त्याचा उपयोग तोंडाच्या कर्करोगाच्या प्रश्नावलीत व्हावा असे मात्र कोणाला वाटत नाही.

भावनिक वाढीचे प्रकरण या पुस्तिकांत सर्वांत दुबळे असते. त्यात चिंता, नैराश्य, न्यूनगंड, भावनिक अस्थिरता अशी नामे ओळीने उभी असतात आणि त्यांच्याखाली ‘मोकळेपणाने बोलावे’ असा उपदेश असतो. वस्तुतः मराठीत या वयाच्या दुःखासाठी ‘करमत नाही’ असा एक सुंदर प्रयोग आहे. त्यात कर्ता नाही, कर्म नाही, दोष कोणाचा नाही. घरापासून ऐंशी किलोमीटरवर ठेवलेल्या मुलाची सारी स्थिती त्या दोन शब्दांत येते. वसतिगृहातून जी मुले पळून जातात त्यांना का पळालास असे विचारले तर बहुधा हेच उत्तर मिळते. शासनाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्याला योग्य ते स्थान आहे, सल्ला-केंद्रांना आपल्याकडे ‘मैत्री’ असे चांगले नावही दिले आहे. (समवयस्क मार्गदर्शकाला मात्र ‘साथिया’ म्हणतात. ज्या शब्दाचा प्रियकरावाचून दुसरा अर्थ हिंदी चित्रपटाने शिल्लक ठेवला नाही, तो गावातल्या सोळा वर्षांच्या मुलीला चिकटविताना कोणी क्षणभर थांबले असते तर बरे झाले असते.) पण ‘मैत्री’ केंद्रातील छापील कागदावर ‘करमत नाही’ला रकाना नसेल, तर ते दुःख नोंदले जात नाही.

सामाजिक वाढीबद्दल पुस्तिका जे सांगतात ते पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातले असते: मित्रांचा प्रभाव, आईवडिलांशी मतभेद, करिअरची निवड. झाडीपट्टीत मूल मोठे झाल्याची खूण वेगळी आहे. धानाच्या रोवणीला पुरी मजुरी मिळू लागली, तेंदूपाने तोडावयास आईच्या बरोबरीने निघता येऊ लागले, की ते मोठे. मोठेपणाचे हे माप वयाचे नाही, आणि शरीराचेही पूर्णांशाने नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके पाहूनच प्रेमाची आणि विरहाची भाषा ही मुले उचलतात. त्या भाषेचा अभ्यास कोणी केल्यास पुस्तिकाकारांना पुष्कळ काही शिकता येईल.

याच मुलखातून या प्रश्नाला भिडणारे एक वेगळ्या जातीचे काम उभे राहिले आहे, त्याची दखल घेतल्यावाचून ही टीका एकांगी होईल. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८० नंतरच्या दशकात गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. त्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून काढलेले निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधीही तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तपासलेल्यांत अविवाहित मुलीही होत्या. या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. मला महत्त्वाची वाटते ती त्यामागील ऐकण्याची शिस्त. ‘अंगावरून पांढरे जाणे’ ही तक्रार वैद्यक किरकोळ समजत असता येथील स्त्रिया तिला मोठे दुखणे मानतात, हे त्यांच्याच शब्दांतून समजून घेण्यात आले. डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचे नावच ही पद्धत सांगते, आणि आरोग्यविषयक मराठी गद्यात मी त्याला वरचे स्थान देते. तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ या नावाने त्यांनी घेतलेली शिबिरे याच ऐकण्यातून निघाली. ‘अवस्था’ टाकून ‘भान’ हा शब्द घेतला, यातच लेखकाची नजर दिसते. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबविला होता, त्या पार्श्वभूमीवर या शब्दाची निवड अधिकच सूज्ञपणाची वाटते.

एक उणीव मात्र नमूद करणे प्राप्त आहे. ‘कानोसा’तील आवाज प्रौढ स्त्रीचा आहे. बारा ते सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज आपल्याला तेथे आईच्या किंवा सासूच्या आठवणीतून ऐकू येतो. मुलाचा आवाज तर मराठीत अद्याप कोणीच ऐकलेला नाही.

लोकांच्या तोंडचे शब्द घ्या, असे माझे म्हणणे असल्याचा ग्रह होऊ नये, कारण लोकांचे शब्दही निकाल देतात. ‘विटाळ’ हा लोकांचाच शब्द आहे आणि ‘स्वप्नदोषा’इतकाच वाईट आहे. माडिया गावांतून पाळीच्या दिवसांत स्त्रियांना ज्या कुर्माघरात राहावे लागते, त्याविषयीच्या लेखनात ही अडचण स्पष्ट दिसते. २०१५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ही प्रथा मोडून काढण्यास राज्य शासनाला सांगितले. पुढे काही गावांत मोडक्या झोपडीच्या जागी पक्क्या भिंतींची, नळ व न्हाणीघर असलेली इमारत आली आणि तिला ‘विसावा केंद्र’ असे नाव मिळाले. साप, पाऊस, अंधार यांपासून मुलींचे रक्षण झाले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ‘विसावा’ या गोड शब्दाने ‘बाहेर बसणे’ तसेच राहिले. पहिल्यांदाच पाळी आलेल्या मुलीला त्या इमारतीत जावेच लागते की ती जाऊ शकते, हा भेद ‘विसावा’ झाकतो. नाव बदलण्याने प्रथा बदलते असे मानणारे, आणि नावाला काही महत्त्व नाही असे मानणारे, दोघेही येथे चुकतात.

याच्या उलट टोकाला गोटुलाविषयीचे मराठी लेखन आहे. व्हेरिअर एल्विन यांचा मुरियांच्या गोटुलावरील ग्रंथ १९४७ चा. तो बस्तरमधील मुरियांविषयी आहे. आमच्या लेखकांनी तो चित्रमय भाग उचलून सरसकट भामरागडच्या माडियांवर चढविला. येथील गोटूल हे प्राधान्याने गावाच्या बैठकीचे, पाहुण्याच्या उतरण्याचे ठिकाण आहे, हे पाहण्याची तसदी घेतली नाही. त्यामुळे शहरात शिकावयास आलेल्या माडिया मुलामुलींना आपल्या वर्गबंधूंचे जे प्रश्न व हसू सोसावे लागते त्याला हे लेखन अंशतः जबाबदार आहे. एल्विन यांच्या ग्रंथातून घेण्यासारखे होते ते दुसरेच. मुरियांत गोटुलातील मुलाला ‘चेलिक’ आणि मुलीला ‘मोटियारी’ म्हणत. या वयाच्या मुलामुलींना त्या भाषेत स्वतंत्र नाम होते, त्या नामाबरोबर गावात काम होते, मान होता. मराठीत जी रिकामी जागा आहे असे मी वर म्हटले, तीच त्यांच्याकडे भरलेली होती. आमच्या प्रणयरम्य लेखकांनी रात्रीचे नृत्य तेवढे पाहिले आणि ही दोन नामे तशीच ओलांडून ते पुढे गेले.

नोंदवहीतील त्या मुलीची भेट मी शाळेतून निघण्यापूर्वी घेतली. तिच्याशी बोलताना मी ‘पाळी’ म्हटले; तिने मान खाली घालून ‘एम.सी.’ असे दुरुस्त केले. वसतिगृहातील साऱ्या मुली तसेच म्हणत. ही अक्षरे कशाची, असे विचारले तेव्हा तिला सांगता आले नाही, आणि तिच्याभोवती जमलेल्या इतर मुलींनाही नाही. मग घरी आई काय म्हणते, असे मी विचारले. तिने बाजूच्या मैत्रिणीकडे पाहिले, दोघी माडियात काहीतरी बोलल्या आणि हसल्या. तो शब्द त्यांनी मला सांगितला नाही. माझ्या टिपणवहीत त्या नोंदीपुढची जागा अजून कोरी आहे.